शेवटचा भाग रिकामा आहे

दुरुस्ती छापायची तर आधी चूक लागते. तालुक्याच्या वार्ताहराला हे पहिल्या आठवड्यात शिकवतात.

मी शिरूरचा वार्ताहर होतो. दौंडचा वार्ताहर पंचायत समितीच्या निवडणुकीला उभा राहिला, तेव्हा दौंड तात्पुरते माझ्याकडे आले आणि निवृत्तीपर्यंत माझ्याकडेच राहिले. शिरूरच्या बसस्थानकासमोर टायरच्या दुकानावर माझी खोली होती. काम समजायला सोपे आहे. काय घडले, कुठे, केव्हा आणि कोणी पाहिले, हे वहीत लिहायचे. वहीतून बातमी करायची आणि पुण्याला पाठवायची. काय वाटले ते लिहायचे नाही. आणि वहीचे पान कधी फाडायचे नाही. उद्या कोणी नोटीस पाठवली तर वही हाच पुरावा असतो, आणि फाटलेले पान वकिलाला लांबून दिसते.

दुरुस्त्या मी पुष्कळ छापल्या. एकदा न्हावऱ्याचे एक गृहस्थ स्वतःच्या निधनाच्या बातमीचे कात्रण घेऊन जिना चढून आले. नामसाधर्म्याने घोटाळा झाला होता. दुसऱ्या दिवशी 'ते हयात आहेत' असे छापले. ते पुन्हा आले. "निधन मोठ्या अक्षरात हुतं. हयात का बारीक?" त्यांचे म्हणणे बरोबर होते, पण त्याला नियम नव्हता. दुसरे एक शेतकरी बिबट्याच्या बातमीवर चिडून आले. बिबट्या त्यांच्या उसात दिसला होता आणि बातमीत तो शेजाऱ्याच्या उसात गेला होता. "बिबट्या आमचा हाय," ते म्हणाले. तीही दुरुस्ती छापली.

ज्या बातमीबद्दल सांगायचे आहे, तिच्यात मात्र चूक नव्हती. मी ती अजूनही मधूनमधून तपासून पाहतो. सापडत नाही.

न्हावऱ्याहून मांडवगण फराट्याकडे जाताना डाव्या हाताला एक पार्क आहे. त्याचे नाव फलकावर वेगळे आहे; लोक त्याला आप्पांचे पार्क म्हणतात. आप्पा म्हणजे बागायतदार, सोसायटीचे माजी संचालक. हिवाळ्यात हुरडा, उन्हाळ्यात पाण्याच्या घसरगुंड्या आणि बारा महिने सिमेंटचा हत्ती, असे ते पार्क होते. त्यात आप्पांनी एका वर्षी लहान मुलांसाठी नवे काही करायचे ठरवले आणि कोळपे गुरुजींच्या गोष्टी घेतल्या.

कोळपे गुरुजी नदीकाठच्या एका वस्तीवर एकशिक्षकी शाळा चालवत. मुले बहुतेक मेंढपाळांची. आता ती घरे ऊस, कांदा आणि गायींवर स्थिरावली आहेत. तेव्हा दिवाळी झाली की मेंढरे कोकणाच्या दिशेने निघत, मेंढरांबरोबर घरे निघत आणि शाळा रिकामी होई. गुरुजींनी त्या मुलांसाठी तळहाताएवढ्या पुस्तिका लिहिल्या. दौंडच्या एका हँडबिलांच्या छापखान्यात, उरलेल्या कागदावर, काळ्या आणि निळ्या अशा दोन रंगांत त्या छापून घेतल्या. एकूण अकरा. प्रत्येकीत चिमी नावाची मुलगी मेंढरांबरोबर चालत असते. संध्याकाळी तळ पडतो. मावळतीला एक गाव दिसते, दिवे असलेले. चिमी तिथे जाऊन येते. सकाळी उठून पाहावे तर गाव नसते. मेंढरे बसल्याच्या खुणा असतात. चित्रांत चिमी कायम पाठमोरी आहे. खांद्यावर घोंगडे, पाठीवर वेणी. तिचा चेहरा अकरा पुस्तिकांत कुठेही नाही.

पुढे पुण्याच्या एका प्रकाशकाने अकराही गोष्टींचे एक पुस्तक केले. ते शाळाशाळांतून गेले. ज्यांनी ते वाचले ती मुले मोठी झाली. कोणी कारखान्यात लागली, कोणी पुण्याला गेली, कोणी परदेशात. फोनवर त्यांचा एक गट होता, 'चिमीचे वाचक'. तिथे वर्षानुवर्षे एका गोष्टीवर वाद चालू होता. चिमीची लाडकी मेंढी काळी, तिचा एक कान पांढरा. तो डावा की उजवा? दोन्ही बाजूंकडे पानांचे फोटो होते. गटाचा प्रमुख या कारणावरून तीनदा गट सोडून गेला होता आणि तीनदा परत आला होता.

आप्पांच्या पार्कात चिमी येणार हे कळल्यावर गटाने काय अपेक्षा केल्या असतील, याची कल्पना करता येते. आप्पांनी काय केले ते मी पाहिले.

पत्रकारांना पार्कात दुपारी बोलावतात, कारण नंतर जेवण असते. मी साडेबाराला पोहोचलो. रस्त्याकडेला आप्पांची जुनी कांदाचाळ होती. ज्यांनी कांदाचाळ पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: ती एक लांबट शेड असते, वर पत्रा, आणि भिंतींच्या जागी उभ्या पट्ट्या. पट्ट्यांमध्ये बोटभर फटी ठेवतात, वारा खेळावा म्हणून. त्या चाळीत रूळ टाकले होते. रुळांवर लाकडी बाकाची एक ट्रॉली होती. तिला मोटर नव्हती. दोन माणसे ती मागून ढकलत होती. दोन्ही बाजूंना गोणपाटात भुसा भरून, वर खरी लोकर शिवून केलेली मेंढरे बसवली होती. मेंढरे संपली की रॉकेलचे, तेलाचे जुने डबे एकावर एक रचले होते. डब्यांना भोके होती. पुढे चाळीचा शेवटचा भाग होता, त्यात काहीच नव्हते.

आप्पा शेजारी उभे होते. "कमी खर्चात केलंय, साहेब. मोटर बसवायची तर झेपणारं नव्हतं."

मी मोजमाप घेतले. वहीत लिहिले. ट्रॉलीत बसलो नाही. जेवण वाढले होते.

बातमी अशी होती: 'चिमीच्या गोष्टींवरील दालन वापरात नसलेल्या कांद्याच्या चाळीत उभारण्यात आले आहे. ट्रॉलीला मोटर नसून ती माणसे ढकलतात. मेंढ्या गोणपाटाच्या असून गावाच्या जागी पत्र्याचे डबे आहेत. चिमीची प्रतिकृती कोठेही नाही. चाळीचा शेवटचा एक तृतीयांश भाग रिकामा आहे.' मथळा पुण्याने दिला: 'कांद्याच्या चाळीत चिमी'. त्यातही चूक नव्हती.

बातमी सकाळी गटावर पडली आणि कान बाजूला राहिला.

पुण्यात महाविद्यालयात शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. लहानपणी आजारपणात त्यांना हे पुस्तक मिळाले होते आणि ते त्यांना पाठ होते. त्यांनी लिहिले की हा गुरुजींचा अपमान आहे, आणि रद्दीच्या डब्यांना गाव म्हणण्यापेक्षा काहीच न करणे बरे होते. त्यांना उत्तर दिले पोपटराव यांनी. ते कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर, गाव कोरेगाव भीमा. त्यांनी लिहिले, "मॅडम, मी पोरांना घेऊन गेलो होतो. माझी बारकी अजून उतरायला तयार नाही. तुम्ही नेमकं काय बघितलं?" मॅडमनी लिहिले, "जे आहे ते बघितलं. डबे." पोपटरावांनी लिहिले, "मग तुमचा चष्मा बदला." मॅडमनी लिहिले, "गोणपाटाला मेंढी म्हणायचा चष्मा मला नको." पुढे दोन्हीकडून माणसे आली. एका बाजूने सांगितले की तिथे जादू आहे. दुसऱ्या बाजूने त्याच जागेचे फोटो टाकले आणि विचारले, कुठे आहे? फोटोंत गोणपाट, डबे आणि पट्ट्या होत्या. मी त्यावर आणखी दोन बातम्या केल्या. दोन्ही बाजूंना सारखी जागा दिली.

मेंढरे करणाऱ्या माणसाने कानाचा वाद आपल्या परीने मिटवला होता. त्याने काळीचे दोन्ही कान पांढरे केले होते. त्यामुळे दोन्ही बाजू त्याच्यावर नाराज होत्या.

पंधरवड्यानंतर तोडगा निघाला. एकाच गोष्टीवर सगळ्यांचे एकमत झाले: चिमी पाहिजे. शेवटचा भाग रिकामाच आहे, तिथे तिचा पुतळा बसवावा. गटाने वर्गणी काढली, आप्पांनी लगेच होकार दिला, आणि एका मूर्तिकाराला काम दिले. दिवाळीच्या सुट्टीच्या पहिल्या दिवशी पुतळा बसवायचे ठरले. मी ती बातमी दिली. मला वाटले, हा विषय संपला.

दुसऱ्या दिवशी खोलीच्या जिन्यावर एसटीच्या वाहक बाई आल्या. खाकी गणवेश, खांद्याला तिकिटांच्या यंत्राची पिशवी. त्यांनी टेबलावर माझी पहिली बातमी ठेवली.

"मी सुमन. कोळपे गुरुजींची मुलगी. माझी दौंडची गाडी सुटायला बारा मिनिटं आहेत. दुरुस्ती छापायची आहे."

मी म्हणालो, "ताई, चूक दाखवा."

"चूक नाही. तेच तर सांगायला आले."

त्यांनी बातमीच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवले.

"शेवटचा भाग रिकामा आहे असं तुम्ही लिहिलंत."

"नाही का?"

"आहे. पण रिकामा राहिलेला नाही, ठेवलेला आहे." त्यांनी पिशवीच्या आतल्या कप्प्यातून एक पुस्तिका काढली. तळहाताएवढी, कडा मऊ पडलेल्या. त्यांनी शेवटचे पान उघडले. ते कोरे होते. तळाशी एक ओळ छापली होती: तुमचा तळ कुठे पडला?

सुमनताईंनी सांगितले ते असे. मूळ पुस्तिकांत प्रत्येक वेळी शेवटचे पान कोरे असे. मुले मेंढरांमागे जात, वाटेत त्या पानावर लिहीत किंवा चित्र काढीत, आणि पावसाच्या तोंडावर परत आली की ते पान फाडून गुरुजींना देत. गुरुजी पाने एका पत्र्याच्या पेटीत ठेवत. पुण्याच्या प्रकाशकाने पुस्तक केले तेव्हा अकरा कोरी पाने म्हणजे कागद वाया, म्हणून गाळली. जे ते पुस्तक वाचून मोठे झाले, त्यांना ती पाने माहीतच नव्हती.

"अण्णांना पुष्कळ जणांनी सांगितलं, चिमीचा चेहरा काढा. ते म्हणायचे, मुलगी पुढं बघत चाललीय, तिला कशाला मागं वळवता? आता तिथं पुतळा बसला की संपलं. पोरं पुतळा बघतील, फोटो काढतील आणि उतरतील. त्या पार्कात अण्णांचं खरं असं तेवढंच आहे, शेवटची वीस पावलं. ती भरू नका."

"हे आप्पांना सांगा."

"सांगितलं. म्हणाले, लोकांना पाहिजे. तुमची बातमी दाखवली." त्या उठल्या. "तुम्ही बसला होतात का ट्रॉलीत?"

"नाही."

"किती वाजता गेला होतात?"

"साडेबाराला."

सुमनताईंनी माझ्याकडे पाहिले. चुकीच्या गाडीत बसलेल्या उतारूकडे वाहक पाहतात तसे. "पाचला जा," त्या म्हणाल्या आणि जिना उतरल्या. खाली दौंडची गाडी चालू झाली होती.

मी त्याच दिवशी गेलो. पाचला पाच कमी असताना चाळीपाशी होतो. ट्रॉलीजवळ ते दोघे बसले होते. त्यातले थोरले रंगनाथमामा, दौंडचे. रेल्वेत ट्रॉलीमन होते. साहेब लोक रूळ तपासायला निघतात तेव्हा त्यांची ट्रॉली ढकलणारी माणसे असतात. ती खाली खडीवरून नाही, रुळाच्या अंगावरून अनवाणी पळतात. मामांनी नोकरीभर ते केले. हे सगळे दालन त्यांच्या हातचे होते, मेंढरांसकट. ते नीट उभे राहावे म्हणून सुमनताईंनी आप्पांकडे त्यांचेच नाव सांगितले होते. लहानपणी दोन हंगाम ते गुरुजींच्या शाळेत शिकले होते.

"बसा," मामा म्हणाले. "वही आत ठिवा. हात बाहेर काढू नका."

मी वही ठेवली नाही. ट्रॉली निघाली. दोन माणसांच्या पायांचा रुळावर होणारा आवाज फार मऊ असतो. चाकांना वंगण होते. त्याखेरीज काही ऐकू येत नव्हते. कांद्याच्या सालींचा जुना, गोडसर वास अजून पट्ट्यांत होता.

पश्चिमेचे ऊन उजव्या बाजूच्या फटींतून आत आले होते. ते पट्ट्यापट्ट्यांनी मेंढरांवर पडले होते, आणि ट्रॉली चालत असल्यामुळे पट्टे सरकत होते, त्यामुळे मेंढरे चालत होती. दुपारी मी पाहिलेले गोणपाट कुठे गेले ते मला सांगता येणार नाही. पाठीमागून पाठी सरकत होत्या, लोकरीच्या टोकांना उन्हाची कड आली होती, धूळ त्यांच्या खुरांच्या उंचीवर तरंगत होती. कोणी तरी आताच पुढे गेले असावे अशी ती धूळ होती.

मग डबे आले. ऊन डब्यांच्या मागे होते. भोके म्हणजे खिडक्या होत्या. एक पेटली, मग तिच्या शेजारची, मग वरच्या आळीतली सगळी. ट्रॉली जशी पुढे जाई तसे मागचे दिवे विझत आणि पुढचे लागत. एका दारात कोणी उभे आहे असे वाटले; तो डब्याचा वाकलेला पत्रा होता, पण तो आत गेला. दालन पाहणाऱ्यांतल्या काहींनी याला जादू म्हटले होते. मी तो शब्द वापरणार नाही. तिथे एक गाव होते आणि दिवेलागण झाली होती, एवढे मी पाहिले.

गाव मागे पडले. मामा आणि त्यांचे साथीदार यांनी चार पावले जोरात टाकली आणि उडी मारून मागच्या फळीवर बसले. ट्रॉलीमन तसेच करतात. वेग आला की बसून घ्यायचे. आता ट्रॉली कोणी ढकलत नव्हते. ती आपोआप, हळूहळू, चाळीच्या शेवटच्या भागात शिरली. बाहेर चिंचेचे झाड आहे, त्यामुळे तिथे थेट ऊन येत नाही. फटींवर पानांची सावली हलत होती. रूळ होते. माती होती. बाकी काही नव्हते.

मी वहीत वेळ लिहिली. पाच दहा.

ट्रॉली दारातून उसाच्या कडेला बाहेर आली आणि थांबली. मामा उतरले.

"काय दिसलं?"

मी त्यांना उलट विचारले. सवय होती. "मामा, शेवटचा भाग मुद्दाम रिकामा ठेवला, की पैसे संपले?"

मामांनी चाकाखाली दगड लावला. "दोन्ही, सायेब. आप्पा म्हनले, आता बास, आनखी डबं आनू नका. तवा मी त्या रिकाम्यात जाऊन हुबा राह्यलो. म्हनलं, व्हय की. पुस्तक हितंच संपायचं."

"आणि ऊन? ते कसं जमवलं?"

"त्ये आप्पांनी जमीवलं," मामा म्हणाले आणि त्यांच्या साथीदाराला हसू आवरेना.

चाळीचा तो प्रकार मला नंतर कळला. दोन्ही अंगांना कांदा भरायची मोठी चाळ पूर्व-पश्चिम लांबीची बांधतात, म्हणजे लांब बाजूवर मावळतीचे ऊन पडत नाही. आप्पांनी ती दक्षिणोत्तर बांधली, रस्त्याला समांतर. येणाऱ्या-जाणाऱ्याला अख्खी चाळ दिसावी म्हणून. त्या वर्षी सोसायटीची निवडणूक होती. कांदा उन्हाने दोन हंगाम नासला आणि चाळ रिकामी झाली. ज्या उन्हाने आप्पांचा कांदा गेला, त्याच उन्हात ते गाव लागत होते.

खोलीवर आल्यावर मी एक साधे काम केले. गटावर ज्यांनी दालनाबद्दल लिहिले होते त्या सगळ्यांना फोन लावले आणि एकच प्रश्न विचारला: किती वाजता गेला होता? पुण्याची बस अकराला येई आणि तीनला निघे. कारखान्यातली माणसे पहिली पाळी सुटल्यावर, साडेचारच्या पुढे येत. अपमान म्हणणारे सगळे दुपारी तीनच्या आत जाऊन आले होते. जादू म्हणणारे चारच्या नंतर. अपवाद दोन. एकाला संध्याकाळी जाऊनही आवडले नव्हते, त्याला डास चावले होते. एकाला सकाळीच आवडले होते. तो आत गेलाच नव्हता, रांगेत उभे राहून गुळाचा चहा पिऊन परत आला होता. पंधरवडाभर ही माणसे एकमेकांना आंधळी म्हणत होती, आणि प्रत्येकाने आपल्या घड्याळाप्रमाणे खरे तेच पाहिले होते. माझीही बातमी साडेबाराला खरी होती.

मी नवी बातमी लिहून पुण्याला पाठवली. उपसंपादकाचा फोन आला.

"यात बातमी काय आहे?"

"पाचला गेलं तर गाव दिसतं."

"म्हणजे ऊन पडतं. ऊन पडतं ही बातमी?"

"आधीच्या बातमीची दुरुस्ती म्हणून घ्या."

"आधीच्या बातमीत चूक होती?"

"नाही."

"मग?"

त्याचे बरोबर होते. त्याच्या जागी मी असतो तर हेच विचारले असते. पुतळ्याला आठ दिवस उरले होते.

मी सुमनताईंना बसस्थानकावर गाठले. पेटीतले एखादे पान छापायला मिळेल का, विचारले. त्यांनी आधी नाही म्हटले. पाने मुलांची आहेत, अण्णांनी कोणाला दाखवली नाहीत, आपणही दाखवणार नाही. मग गाडीची घंटी वाजवायच्या आधी त्या दारातून म्हणाल्या, "नाव छापणार नसाल तर उद्या आणते. एकच."

रविवारच्या मुलांच्या पानावर त्या आठवड्यात कोडे आले नव्हते आणि तेवढी जागा मोकळी होती. तिथे ते छापले गेले. वर दोन ओळींत कोऱ्या पानाची हकिगत, खाली त्या पानावरचा मजकूर:

'आमचा तळ मोकळ्या रानात पडला. तिथे गाव नव्हते. मेंढरे बसली. आईने चूल मांडली. मग गाव झाले.'

सोमवारी सकाळपासून फोन सुरू झाले. सात जणांनी ते पान आपलेच असल्याचे सांगितले. त्यातल्या चौघांनी तळाची जागाही सांगितली; चारही जागा वेगळ्या होत्या. मॅडमचा फोन दुपारी आला. त्या म्हणाल्या, "माझ्या पुस्तकात ते पान नव्हतं. तीस वर्षं मला गोष्ट पूर्ण माहीत आहे असं वाटत होतं." गटावर त्यांनी इतकेच लिहिले की पुतळ्यासाठी दिलेली आपली वर्गणी दुसऱ्या कशाला तरी वापरावी, आणि आपण पुन्हा जाणार आहोत. पोपटरावांनी लिहिले, "पाचला या, मॅडम. गुळाचा चहा आपल्याकडून. चष्म्याचं मागे घेतो."

आप्पांनी मला बोलावून घेतले. "पत्रकारसाहेब, मलापन तीन फोन आले. एक तर सोसायटीच्या चेअरमनचा. म्हनतो पान त्याचं हाय. त्यो कवा शाळंत गेला?" मग त्यांनी आवाज खाली केला. "पन पुतळा आलाय हो. त्याचं काय करू?"

पुतळा ऑफिसच्या व्हरांड्यात उभा होता. मूर्तिकाराने गणपती-गौरीचा हंगाम संपवून तो केला होता आणि त्याच्याकडे असलेला साचाच वापरला होता. त्यामुळे चिमीचा चेहरा गौरीच्या मुखवट्यासारखा होता, कपाळावर कुंकू, ओठांवर हसू. सुमनताई आल्या होत्या. रंगनाथमामाही आले होते. आप्पा सुमनताईंना म्हणाले, "ताई, आत नको तर नको. शेवटचं मोकळंच ऱ्हाऊ द्या. पन लोकांनी वर्गनी दिलीय, कुठंतरी तर ठिवायला पायजे."

"तिकिटाच्या खिडकीपाशी ठेवा," सुमनताई म्हणाल्या.

मामांनी पुतळा उचलला. खिडकीपाशी सिमेंटच्या ओट्यावर बसवताना त्यांनी तो फिरवला. चेहरा चाळीकडे, पाठ लोकांकडे. घोंगडे आणि वेणी. आप्पा म्हणाले, "मामा, उलटा झाला." मामा म्हणाले, "न्हाई आप्पा. अशीच हाय ती." अजूनही ती तशीच उभी आहे. तो हसरा चेहरा पाहायचा तर चाळीच्या दारातून मागे वळून पाहावे लागते, आणि त्या वेळी बहुतेक लोक पुढे पाहत असतात.

मॅडम आल्या तेव्हा मी तिथे नव्हतो. पोपटरावांनी सांगितले की उतरल्यावर त्या बराच वेळ उसाकडे तोंड करून उभ्या होत्या, आणि नंतर त्यांनी काळीच्या कानांबद्दल तक्रार केली.

एक गोष्ट राहिली. माझी पहिली बातमी तशीच आहे. दुरुस्ती निघाली नाही, कारण नियमाने ती निघत नव्हती. कोणी जुना अंक काढला तर त्याला इतकेच कळेल की एका चाळीत डबे होते आणि शेवटचा भाग रिकामा होता.

निवृत्त झालो त्या आठवड्यात मी वह्या बांधत होतो. सुमनताई जिना चढून आल्या. गाडी सुटायला वेळ होता, त्यामुळे बसल्या. मी ट्रॉलीत बसलो त्या दिवसाची वही त्यांनी मागितली. मी काढून दिली. त्यांनी पाने उलटली आणि तारीख सापडल्यावर थांबल्या. वर मेंढरांचे लिहिले होते, मग डब्यांचे, नंतर पुढच्या पानावर फक्त वेळ होती. त्याखाली काही नव्हते. वार्ताहराने असे पान सोडायचे नसते.

"हे पान पेटीसाठी द्या," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "ताई, यावर काहीच नाही."

"बघितलं मी."

मी वहीची तार वाकवली आणि पान सोडवले. चोवीस वर्षांत तेवढे एकच. सुमनताईंनी ते चार घड्या न घालता, सरळ, तिकिटांच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवले. जिन्यापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"पाच दहा. वेळ बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," मी म्हणालो.